गोठ्यात हळू बोला

माझा आवाज मोठा आहे, हे लग्न होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. महाडला आमचं घर भर बाजारपेठेत. खाली भांड्यांचं दुकान, समोर पिठाची गिरणी. तिथं हळू बोललं तर शेजारच्या खोलीतल्या आईला ऐकू जायचं नाही. लग्न होऊन वरंधच्या रस्त्यावरच्या या गावात आले, तर इथली माणसं माझ्यापेक्षा वरचढ निघाली. घरं डोंगराच्या उताराला विखुरलेली. खालच्या आळीतून वरच्या आळीत निरोप द्यायचा तर अंगणात उभं राहून हाळी घालायची. मोबाईल आले तरी फरक पडला नाही, कारण रेंज येते ती फक्त देवळाच्या पायरीवर. पोरांना हाळी, पाव्हण्यांना हाळी, आणि गुरांना तर सकाळी डोळा उघडल्यापासून हाळी. अशा गावात एक माणूस सगळ्यांच्या गोठ्यात शिरून "गप बसा" सांगत फिरायला लागला, तेव्हा त्याला वेडा ठरवायला कुणी पंचांग बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

हे म्हणजे आमचे चाचा. रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यातले, माझ्या सासऱ्यांचे शाळेतले सोबती. उमेदीची सगळी वर्षं सौदीत काढून आलेले. इकडची बाकीची माणसं तिकडे ड्रायव्हर होतात, दुकानात लागतात, एसी दुरुस्त करतात. चाचा मात्र वाळवंटातल्या एका भल्यामोठ्या गोठ्यात नोकरीला होते. "गेलो झाडू मारायला, आलो गेटवाला होऊन," असं छाती पुढे काढून सांगायचे. गेटवाला म्हणजे काय, तर शेडमधल्या गाई दूध काढायच्या मशीनपर्यंत चालवत न्यायच्या. एवढंच काम. पण सांगताना आव असा, की ते नसते तर अख्ख्या सौदीला त्या दिवशी चहा मिळाला नसता. नम्रपणा हा प्रकार चाचांच्या अंगात औषधालासुद्धा नव्हता.

तिथला नियम म्हणे असा की गाईसमोर कुणी ओरडायचं नाही, पळायचं नाही, हात उगारायचा नाही. जो ओरडला त्याची दुसऱ्या दिवशी उन्हात शेण ओढायच्या कामावर रवानगी. चाचांनी हा नियम बॅगेत घालून इकडे आणला आणि आम्हाला लावला.

गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या घरी शेपूट नव्हतं. घर दुमजली, पायरीपर्यंत लाद्या लावलेल्या, पण दारात गाय नाही की शेळी नाही. चाची गाय बांधू देत नव्हत्या. "दर सुट्टीला बॅग उघडली की शेणाचा वास यायचा. आता नव्या घरात नको," हे त्यांचं एकच उत्तर. म्हणून मग चाचा दिवसभर लोकांच्या गोठ्यांवर देखरेख करत हिंडायचे. बोलवायची गरज नसायची. हाकलूनही उपयोग नसायचा.

त्यांचं येणं बघण्यासारखं असे. स्कूटर आमच्या वाटेवरच्या आंब्याखाली बंद करायची, पुढे चालत यायचं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून रुमालात गुंडाळायच्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट उतरवून डिकीतला जुना मळखाऊ शर्ट घालायचा. अत्तराचे शौकीन, पण गोठ्यात जायच्या दिवशी अत्तर बंद. मग आत शिरायचं आणि जनावराकडे न बघता सरळ पालथ्या घमेल्यावर बसायचं. बसले की बसले. मी एकदा विचारलं, "चाचा, करताय काय?"

"तिला बघू दे ना मना," ते पुटपुटले. "मी बघतोय का तिच्याकडं? आधी ती बघल, मग मी."

आणि वर ते परवलीचे शब्द: "शुवय, शुवय." म्हणजे हळूहळू. अरबी आहे म्हणे. घाई करणाऱ्या कुणालाही चाचा हेच सुनवायचे. गावातली पोरं त्यांना पाठीमागून शुवयचाचा म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आता, जनावरांशी इतका मऊ असलेला माणूस माणसांशीही तसाच असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने चाचांशी व्यवहार केलेला नाही. माणसांशी त्यांचं एक दिवसही पटायचं नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून, रिक्षावाल्याशी हॉर्नवरून, चाचींशी मीठ कमी-जास्त झाल्यावरून. पण गोठ्यात असताना राग आला तर ते तिथं तोंड उघडत नसत. चेहरा लालबुंद व्हायचा, मिशी थरथरायची, तरी आवाज कुजबुजण्याइतकाच. "जरा आंब्याखाली ये," एवढं म्हणायचे आणि निघायचे. मग तो गोठ्याचा मालक बिचारा मागोमाग. आंब्याखाली पोचलं, गुरांना ऐकू जाणार नाही एवढं अंतर पडलं, की चाचा जी सुरुवात करायचे ती पार पूर्वजांपर्यंत. सगळा उतार ऐकायचा. बोलून झालं की रुमालाने तोंड पुसून पुन्हा गोठ्यात, पुन्हा मांजराच्या पावलांनी. गावात अजूनही कुणाची खरडपट्टी निघाली की "काय, आंब्याखाली नेला वाटतं?" असं विचारतात.

आमच्या शेजाऱ्याची एक गाय होती. पाणंदीतल्या एका ठरावीक जागी आली की चारी पाय रोवून उभी राहायची. शेजारी रोज शेपटी पिरगाळायचा, रोज शिव्या घालायचा. एक दिवस चाचा आले आणि पांढऱ्या पँटीसह पाणंदीत चक्क ओणवे झाले. दोन्ही हात जमिनीला, मान वर. रस्त्यावरच्या बायका थांबल्या. कुणाला वाटलं चक्कर आली, कुणाला वाटलं काही हरवलंय. चाचा तसेच चार पायांवर पुढे सरकत राहिले आणि कुंपणापाशी थांबले. तिथं निळ्या ताडपत्रीचं एक टोक गुडघ्याएवढ्या उंचीवर फडफडत होतं. उभ्या माणसाला ते दिसतसुद्धा नव्हतं.

"वाक," त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. "तुझी गाय जिथून बघते तिथून बघ जरा."

शेजारी वाकला. ताडपत्री खोचून टाकली. गाय गेली निघून. चाचांनी मग पँटीचे गुडघे बघितले, चाचींची आठवण झाली असावी, आणि ते रुमालाने डाग पुसायला लागले.

जनावर चालवायची त्यांची एक रीत होती. खांद्याच्या जरा मागे उभं राहिलं की जनावर पुढे चालतं, खांद्याच्या पुढे आलं की थांबतं. हात लावायला लागत नाही, काठी लागत नाही. "माणूसपण असाच चालतो," असा त्यांचा दावा होता. मी म्हटलं, काहीतरीच. तर त्यांनी मला तिथल्या तिथे दाखवलं. अंगणात माझे सासरे, म्हणजे बाबा, कुणाशी तरी बोलत उभे होते. चाचा जाऊन त्यांच्या खांद्याच्या मागे जरा तिरके उभे राहिले. एक पाऊल टाकलं. बाबा बोलता बोलता पुढे सरकले. आणखी एक पाऊल. असं करत करत त्यांनी बाबांना अंगणातून ओटीवर आणून खुर्चीत बसवलं, आणि बाबांचं बोलणं चालूच होतं. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. बाबांना हे आजपर्यंत ठाऊक नाही, आणि घरात कुणी त्यांना सांगूही नये.

आता चाचा पनवेलला लेकीकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिला, ही चढण झेपेना. पण त्यांची आठवण निघाली की माझ्या मनात येतो तो आमच्या म्हशीचा हिवाळा.

माझा नवरा आधी कितीतरी वर्षं गुजरातेत दहेजला कंपनीत होता. गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. मुलगी त्याला बघून पहिले दोन दिवस माझ्यामागे लपायची. मग महाडच्या एमआयडीसीत काम मिळालं, तो घरी राहायला लागला, आणि मला वाटलं सुटलो. तर तिथला त्याचा विभागच बंद झाला. हातात जे आलं ते घालून त्याने घाटावरून, भोरच्या बाजूने, एक म्हैस आणली. चांगली काळीभोर, उंचीपुरी, पहिल्याच वेताची. दूध महाडच्या हॉटेलांना घालायचं, जमलं तर वाढवायचं, असा बेत. नाही जमलं तर दहेजचा मित्र बोलावतच होता. मला पुन्हा ते दिवस नको होते. नवरा फोनच्या आवाजात भेटणार आणि तोही देवळाच्या पायरीवर, हे मला नको होतं. माझं सगळं त्या म्हशीवर अवलंबून होतं.

आणि म्हैस आली ती भेदरलेली. टेम्पोत घाटाची वळणं खात आली होती. उतरवायला आळीतली सगळी पुरुषमंडळी जमली. कुणी दोर ओढतोय, कुणी मागून ढकलतोय, कुणी शेपटी धरतोय, आणि ओरडतायत सगळेच. फळी सरकली, म्हैस गुडघ्यांवर आली. त्या दिवसापासून तिने माणसाचा धसकाच घेतला. कासेला हात लावला की लाथ. रेडकू सोडलं की पान्हा सोडायची, आम्ही बसलो की चोरायची. तांब्याभर दूध निघालं तर नशीब. महाडहून डॉक्टर येऊन गेले, म्हणाले आजार काही नाही. बाबा म्हणाले, "वाईट हाय. काठी दाखवल्याशिवाय वठणीवर यायची नाय." काठीही दाखवून झाली. दूध आणखी कमी झालं.

चाचांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले, घमेल्यावर बसले, सकाळभर बसून राहिले. मग बाबांना म्हणाले, "जरा आंब्याखाली ये."

बाबा गावच्या पालखीचे मानकरी. त्यांना आंब्याखाली न्यायची कुणाची छाती नव्हती. पण चाचा त्यांच्याबरोबर एका बाकावर बसून शिकलेले. आंब्याखालून काय काय ऐकू आलं ते मी इथं लिहीत नाही. "म्हैस वाईट नाय, भ्यालेली हाय, तुज्या लक्षात येत नाय का" हा त्यातला सगळ्यात सभ्य भाग. बाबा परत आले ते तणतणत. "दुबईवाला मला शिकवतो," म्हणाले. चाचांनी मागून, गोठ्याच्या हद्दीत आल्यामुळे कुजबुजत, दुरुस्ती केली, "दुबई नाय. सौदी."

मग सुरू झाला आमचा छळ. गोठ्यातली काठी गेली. वाऱ्याने वाजणारा पत्रा गेला. फुटक्या कौलातून उन्हाची एक पट्टी दावणीवर पडायची, तिथं नवं कौल आलं. गोठ्यात शिरण्याआधी मोठ्याने खाकरायची बाबांची जन्माची सवय, तिच्यावर बंदी आली. आणि मला सांगितलं, "तू इथं बसून भाजी निवड. तांदूळ निवड. काय पण कर. बोलू नको."

"किती दिवस?"

"बघ, बोललीस."

तोंड मिटून बसणं काय असतं ते मला त्या हिवाळ्यात कळलं. मी म्हशीजवळ बसून वाल सोलायची, लसूण सोलायची, मुलीच्या फ्रॉकची बटणं लावायची. पोटात शब्द नुसते गोळा होत. आमच्या घरातून आवाज येईना म्हणून वरच्या आळीतून दोघी विचारायला आल्या, नवऱ्याशी भांडलीस की काय. मी खुणेनेच नाही म्हटलं, तर त्यांची खात्रीच पटली.

पण हळूहळू म्हैस माझ्या बाजूला मान टाकून रवंथ करायला लागली. एक दिवस माझ्या पाठीला नाक लावून तिने जोरात श्वास सोडला, आणि मी तशीच बसून रडले. आवाज न करता, अर्थात. लाथ बंद झाली. तांब्याचं दूध कळशीवर आलं. नवरा रोज संध्याकाळी कळशीत डोकावून बघायचा.

आणि शिमगा जवळ आला. देवळात पोरांनी खालुबाजाची तयारी सुरू केली. ढोल, टिमकी, सनई, झांजा, सगळं बाहेर निघालं. ढोलावर पहिली थाप पडली तेव्हा मी दूध काढत होते. म्हशीने अशी उडी घेतली की कळशी एकीकडे आणि मी एकीकडे. पुढचे काही दिवस पुन्हा पान्हा चोरायला लागली. आणि हे नुसतं देवळातून, लांबून. आमचं घर मानकऱ्यांचं. पालखी पहिली आमच्या अंगणात यायची, नाचायचीही सगळ्यात जास्त आमच्याच अंगणात, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "शिमगा झाला की हिला घाटावर परत देऊन टाकू. मित्राला मी येतो म्हणून सांगितलंय."

सकाळी मी चाचांना गाठलं. "तुम्ही बाबांना सांगा ना. आमच्या दारात तेवढा ढोल नको म्हणावं."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "देवाचा बाजा मी बंद करू? बाय गो, मना या गावात राहायचा हाय." मग म्हणाले, "आणि मी लहानपणापासून कुंपणाजवळ उभा राहून ती पालखी बघतो. बिनढोलाची पालखी मना तरी बघवंल काय?"

"मग म्हैस तुमच्याकडे नेऊन बांधू?"

"रस्ता ओलांडून? त्या डंपरांतून? आणि तुझ्या चाचीला कोण सांगंल?" ते उठले. "थांब. शुवय."

दुसऱ्या दिवशी चाचा ढोलवाल्याला घेऊन आले. ढोलवाला आमच्याच आळीतला, अंगाने ढोलाएवढाच. देवाचा ढोल नाही, त्याचा घरचा जुना ढोल काखेत. चाचांनी त्याला नदीकाठच्या पार शेवटच्या शेतात उभं केलं. "वाजव. पण हळू."

"ढोल काय कानात सांगायचा असतो काय?" ढोलवाला फुरंगटून म्हणाला. पण वाजवायला लागला, बोटांनी, नुसता टकटक. तिकडे टकटक सुरू झाली की इकडे मी आंबोणाची पाटी म्हशीपुढे ठेवायची. भिजवलेली पेंड, कोंडा, वर गुळाचा खडा. तिकडे ढोल थांबला की पाटी उचलायची. "चुकायचा नाय," चाचांनी बजावलं. "ढोल हाय तवर खाणा. ढोल खल्लास, खाणा खल्लास." पहिल्या दिवशी तिने कान टवकारले, खायचं थांबली, मग पुन्हा तोंड घातलं. चाचांनी मान डोलावली.

रोज संध्याकाळी, दूध काढायच्या वेळेला, हा कार्यक्रम. ढोलवाला रोज थोडा अलीकडे. नदीकाठावरून बांधावर, बांधावरून फणसाखाली, फणसाखालून कुंपणाशी. आवाजही चढत गेला. एखाद्या दिवशी ती बिथरली तर चाचा त्याला सरळ दोन शेतं मागे पाठवायचे, आणि तो ढोल उचलून शिव्या घालत जायचा. गावाला फुकटची करमणूक झाली. संध्याकाळी पोरं बांधावर येऊन बसत. नवरा आधी लांबून हसायचा, मग एक दिवस मी पाण्याला गेले होते तर पाटी त्यानेच ठेवली.

बाबा मात्र भडकले. "म्हशीपुढं ढोल वाजवतात? शिमगा हाय की तमाशा?" त्यांनी चाचांशी बोलणं टाकलं. शिमग्याच्या तयारीच्या नावाखाली देवळातच मुक्काम ठोकला, जेवणसुद्धा तिकडे मागवायला लागले. त्यामुळे पुढे जे झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ढोलवाला अंगणात उभा राहून दणदणीत वाजवतोय आणि म्हैस पाटीत डोळ्यांपर्यंत बुडाली आहे, कळशी भरतेय, हे त्यांनी बघितलंच नाही. आम्ही सांगायला जावं तर ते म्हशीचं नाव काढू देत नव्हते.

पालखीच्या दिवशी मी देवाला ओवाळायला नव्हते. ओटीचं ताट सासूबाईंनी घेतलं. मी कळशी घेऊन गोठ्यात, आणि पलीकडे घमेल्यावर चाचा. दर वर्षी कुंपणाशी उभं राहून पालखी बघणारा माणूस त्या दिवशी आत, अंधुकशा उजेडात, हात मांडीवर ठेवून बसला होता. दिवस कलला होता. देवळाकडून बाजा निघाला आणि चढण चढत यायला लागला. मुंबईची मंडळी आलेली, दोन ढोल जास्तीचे, टिमक्यांचा नुसता कडकडाट. म्हशीने कान पुढे केले. मी पाटी ठेवली. तिने तोंड घातलं, मी कासेला पाणी लावलं, आणि पान्हा उतरला. मी घाईघाईने धारा काढायला लागले. चाचांनी डोळ्यांनीच सांगितलं, हळू.

आणि वळणावर बाजा थांबला.

एकदम सगळं चिडीचूप. मी कुडाच्या फटीतून बघितलं. बाबा पालखीच्या पुढे चालत होते, उजवा हात वर धरून, ओठांवर बोट. त्यांच्यामागे पालखी, खांदेकरी अनवाणी, त्यात माझा नवरा. मागे सगळं गाव. गुलालाने माखलेली माणसं चवड्यांवर चालत होती. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवलेले. ढोलवाला बाबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला बघत होता, पण बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ढोल पोटाशी धरून मान खाली घातली. आमच्या अंगणात आजपर्यंत देव असा मुका आला नव्हता. माझ्या म्हशीसाठी बाबांनी, ज्यांनी काठी दाखवली होती त्याच बाबांनी, सगळ्या गावाला गप्प केलं होतं. मला हुंदका आला तो मी दंडावर दाबला. या म्हाताऱ्याने हे कधी ठरवलं, कुणाला सांगितलं, मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात धार थांबली.

म्हशीने पाटीतून तोंड वर काढलं. ढोल थांबला होता. आता पाटी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक. तिने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पाय आपटला आणि मान वर करून असा हंबरडा फोडला, की अंगणातले खांदेकरी जागच्या जागी थबकले. पुन्हा एक, त्याहून मोठा. बाबा कासावीस होऊन आणखीच जोरात हात हलवायला लागले, गप, गप. जितके ते गप्प होत गेले तितकी ती ओरडत गेली.

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. मग ते उठले आणि गोठ्याच्या दारात उभं राहून, म्हशीच्या अगदी कानाशी, आजवर फक्त आंब्याखाली ऐकलेल्या त्या आवाजात ओरडले,

"अरे वाजव रे! देवाचा बाजा बंद करतोस? तिचा जेवाण थांबलाय!"

सगळं गाव चाचांकडे बघत राहिलं. बाबांच्या तोंडून कुजबुजल्यासारखं आलं, "वाजवू?"

"वाजव रे बाबा, वाजव."

ढोलवाल्याने बाबांच्या हाताची वाट बघितली नाही. त्याने पहिली थाप मारली, मग बाकीचे, मग सनई. पालखी उसळली आणि नाचायला लागली, आणि म्हशीने तोंड खुपसलं ते पाटीत. मी पुन्हा बसले. धार लागली. बाहेर ढोल आणि आत कळशीत दूध वाजत होतं, आणि मी मोठमोठ्याने हसत होते, रडत होते. चाचांनी मला गप्प बसायला सांगितलं नाही.

कळशी भरली. दुसरं भांडं हाताशी नव्हतं, म्हणून ओटीवरचा तांब्या घेतला.

पालखी पुढच्या घराकडे निघाली, खांदा बदलून नवरा मागे राहिला. गुलालाने ओळखू येत नव्हता. गोठ्याच्या दारात येऊन त्याने कळशी बघितली, तांब्या बघितला. मग तसाच देवळाकडे उतरला. मी म्हटलं, झालं, मित्राला फोन करायला गेला.

बाबा मात्र पालखीबरोबर लगेच गेले नाहीत. प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन गोठ्याशी आले. बाहेर थांबले, खाकरायला तोंड उघडलं, मिटलं. खोबरं चाचांच्या हातावर ठेवलं. "घे रे," म्हणाले. "मला कुणी सांगितलं काय, की ती आता भीत नाय?"

"तू बोलत होतास काय माझ्याशी?" चाचा म्हणाले. दोघंही हसले नाहीत. बाबा घमेल्यावर बसले आणि चाचा त्यांच्या शेजारी जमिनीवर.

नवरा वर आला तेव्हा आम्ही तिघं तसेच होतो. मला विचारायचं धाडस होत नव्हतं. चाचांनीच विचारलं, "लागला फोन?"

"लागला."

"कधी बोलावलान?"

"परवा ये म्हणत होता." नवऱ्याने कळशी उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरली. "म्हटलं, नाही जमणार. सकाळी महाडला दूध कोण घालणार?"

दूध सांडेल म्हणून मी त्याच्या हातून कळशी काढून घेतली. बाबांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि गुलाल गेला डोळ्यात असं सांगितलं. चाचा उठले, मळखाऊ शर्टाची बटणं सोडायला लागले, आणि माझ्या नवऱ्याला नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाले, "मग दुसरी बघायला लाग. एकट्या जनावराला सोबत लागते."